जुन्या गाडीचा रेडिओ आणि घरी बनवलेला चेंजर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडीच्या मूळ कॅसेट रेडिओतून फोनवरची गाणी वाजतात, हे सोसायटीत एकाला कळलं आणि तेव्हापासून दर रविवारी कोणी ना कोणी पार्किंगमध्ये गाठतं. प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतोय. क्रम लावलेला नाही. जे जास्त विचारलं गेलं त्यावर जास्त लिहिलंय.

नवा स्टिरिओ बसवला असता तर दुपारभराचं काम होतं. हा उपद्व्याप कशासाठी?

दुपारभराचं काम होतं, हे कबूल. ऑपेरा हाऊसच्या गल्लीत गाडी लावली की चहा संपेपर्यंत पडदा बसवून देतात. पण माझी ऑक्टाव्हिया २००४ ची आहे. तिच्या डॅशबोर्डात मूळ रेडिओ जसा चपखल बसलाय, त्या जागी चौकट ठोकून लावलेला अँड्रॉइडचा पडदा म्हणजे नऊवारीवर गॉगल. लग्नात हल्ली चालतो, रोजच्या गाडीत नाही. शिवाय रेडिओ ठणठणीत आहे, आवाज आजही भरीव आहे. त्याला फक्त आत यायला दार हवं होतं, आणि ते दार मागच्या बाजूला आधीपासून होतं : सीडी चेंजरचं.

खरं कारण विचारलंत तर खाज.

चेंजर म्हणजे काय? आम्ही पाहिलेला नाही.

डिकीत बसवलेला, बुटांच्या खोक्यापेक्षा थोडा लहान डबा. त्यात मॅगझिन नावाची पेटी सरकवायची, पेटीत सहा सीडी. पुढे रेडिओवर बटण दाबलं की मागे डबा सीडी बदलायचा. दोघांना जोडणाऱ्या केबलमधून तीन गोष्टी जातात : वीज, डावा-उजवा आवाज आणि संभाषण. ‘गाणं पुढे ने’, ‘तिसरी सीडी लाव’ हे रेडिओचं बोलणं. ‘दुसरी सीडी, पाचवं गाणं, एक मिनिट बारा सेकंद’ हे चेंजरचं.

रेडिओला डिकीत काय आहे ते दिसत नाही. तारेवर येणाऱ्या बोलण्यावर त्याचा सगळा विश्वास. ते बोलणं हुबेहूब करणारा छोटा बोर्ड जोडला, की रेडिओ त्यालाच चेंजर समजतो आणि आवाजाचं दार उघडतो. मग त्या दारातून सीडीऐवजी ब्लूटूथचा आवाज सोडायचा. एवढीच युक्ती आहे. कष्ट लागतात ते बोलणं समजून घ्यायला.

चार-पाचशे रुपयांत एफएम ट्रान्समीटर मिळतो की!

मिळतो, माझ्याकडेही होता. फोनचं गाणं तो रिकाम्या एफएम वाहिनीवर सोडतो, रेडिओने ते तिथे पकडायचं. पण रिकामी वाहिनी कुठे? मुंबईत ९१.१, ९२.७, ९३.५, ९४.३, ९८.३, १०४, शिवाय आकाशवाणीच्या वाहिन्या. मुलुंडला मोकळी जागा शोधून लावली, तरी सायन येईपर्यंत भीमसेनजींच्या तानेत कुणीतरी फ्लॅटची जाहिरात करू लागतो. आणि एफएम स्टिरिओत १५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज मुळातच कापला जातो. चेंजरच्या पिनांवर आवाज थेट तारेने जातो, त्यामुळे हे दोन्ही त्रास उरत नाहीत.

माझ्या गाडीत चालेल का?

रेडिओवर सीडी किंवा सीडीसी लिहिलेलं बटण आहे, पण सीडी घालायला फट नाही, असं असेल तर आशा आहे. मात्र भाषा प्रत्येकाची वेगळी. सोनीची युनिलिंक, पायोनियरची आयपी-बस (बस म्हणजे उपकरणांनी आपसांत बोलायची सामाईक तार), अल्पाइनची आधी एम-बस आणि मग एआय-नेट, टोयोटाची एव्हीसी-लॅन (ही एनईसी कंपनीच्या आयई-बसवर उभी आहे), बीएमडब्ल्यूची आय-बस. एकाचा कोड दुसऱ्याला चालत नाही. पुढे जे लिहिलंय ते फोक्सवॅगन समूहाच्या त्या काळच्या रेडिओंचं, कारण माझी गाडी त्या घरातली. पद्धत मात्र सगळीकडे तीच.

दहा-बारा वर्षांत घेतलेली गाडी असेल तर तिला बहुधा ऑक्स, यूएसबी किंवा ब्लूटूथ आहेच. मग हे वाचा, पण पाना हातात घेऊ नका.

सामान काय लागतं आणि कुठे मिळतं?

ग्रँट रोडला पूर्वेला उतरा, लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असेल, विचाराल तेव्हा मात्र लॅमिंग्टनच म्हणा. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात.

मुख्य वस्तू लॉजिक ॲनलायझर, म्हणजे तारेवरचे चढ-उतार टिपून लॅपटॉपवर दाखवणारं यंत्र. आठ वाहिन्यांचा, २४ मेगाहर्ट्झचा, काड्यापेटीएवढा चिनी डबा घ्या. तो सिगरॉक आणि पल्सव्ह्यू या मोफत सॉफ्टवेअरवर चालतो. महागडा ऑसिलोस्कोप असेल तर चांगलंच, नसेल तर अडत नाही. मल्टिमीटर लागेल. बारीक टोकाची सोल्डरिंग इस्त्री लागेल. क्रोकोडाइल नव्हे, हुकाच्या क्लिपा घ्या. डॅशबोर्डाखाली डोकं खाली पाय वर अशा अवस्थेत क्रोकोडाइल क्लिप घसरते, हे मी पैसे मोजून शिकलोय : १२ व्होल्टच्या पिनेवर घसरली आणि पहिल्या ॲनलायझरच्या दोन वाहिन्या गेल्या. तो डबा ५ व्होल्टच्या वर सहन करत नाही.

आणि एक दोनशे पानी वही. हसू नका.

रेडिओच्या मागे वीसेक वायरी आहेत. कुठली कशाची?

या रेडिओंच्या मागे तीन रंगांची छोटी सॉकेटं शेजारी शेजारी असतात. त्यातलं निळं चेंजरचं, पिना १३ ते २०. त्या आठांत डेटा येणारा, डेटा जाणारा, क्लॉक (डेटा वाचायचा ताल देणारी तार), कायमचे १२ व्होल्ट, रेडिओ चालू झाल्यावर येणारे १२ व्होल्ट, आवाजाची अर्थ (अर्थिंगची तार) आणि डावा-उजवा आवाज. पण तक्त्यावर आंधळा विश्वास ठेवू नका. वीस वर्षांत त्या गाडीत किती इलेक्ट्रिशियनांनी हात घातलाय हे तुम्हाला माहीत नाही. माझ्या गाडीत एका पिनेला कोणीतरी हॉर्नची वायर पिळून ठेवली होती. का, ते देव जाणे.

मल्टिमीटर लावा. चावी काढलेली असतानाही १२ व्होल्ट दाखवते ती कायमची. रेडिओ चालू केल्यावरच दाखवते ती स्विचची. या दोन आधी शोधा आणि त्यांवर लाल टेप गुंडाळा, म्हणजे ॲनलायझर चुकूनही तिथे लागणार नाही. उरलेल्यांत जी ५ व्होल्टच्या आसपास थरथरते, मीटरवर आकडा स्थिर राहत नाही, तिच्यावर बोलणं चाललंय.

बोलणं वाचायचं कसं? इथेच आम्ही अडकतो.

सगळे इथेच अडकतात, म्हणून जरा सविस्तर.

बोलणं ऐकायला दोन्ही बोलणारे हवेत. माझा चेंजर माझ्या भाच्याच्या कृपेने बंद होता. तो चार वर्षांचा असताना त्याने मॅगझिनच्या फटीत काहीतरी टाकलं आणि काय टाकलं ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. सीडी फिरत नव्हती, पण आतला बोर्ड जिवंत होता आणि तारेवर काहीतरी बोलत होता. चालू चेंजर मी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या भंगारातून आणला. दुकानदाराने विचारलं, ‘सीडी कौन सुनता है अब?’ मी म्हटलं, मी पण नाही ऐकणार. त्याने पन्नास रुपये कमी केले, बहुधा दया येऊन.

पल्सव्ह्यूत सॅम्पलिंग १ मेगाहर्ट्झला ठेवलं. क्लॉक ६२.५ किलोहर्ट्झचं, म्हणजे एका ठोक्याला सोळा नमुने, पुरेसे. पडद्यावर आलं ते असं : आठ बाइटांचा गठ्ठा, मग शांतता, साधारण ५० मिलिसेकंदांनी पुन्हा गठ्ठा. गठ्ठ्यातही दोन बाइटांमध्ये मिलिसेकंदाला थोडी कमी एवढी उसंत. एसपीआय डीकोडर (क्लॉकच्या तालावर येणाऱ्या बिटांचे बाइट करून दाखवणारा) लावला, बिट क्लॉकच्या उतरत्या कडेला वाचायला सांगितला, आणि गाणं वाजत असताना हेक्समध्ये (सोळाची मोजणी, ९ नंतर ए ते एफ, एका बाइटाला दोन अक्षरं) हे दिसलं :

३४ बीई एफई एफएफ एफएफ एफएफ सीएफ ३सी

आता वही. डावीकडे मी काय केलं, उजवीकडे तारेवर काय बदललं. एका वेळी एकच गोष्ट करायची. ‘गाणं बदललं आणि सीडीपण बदलली’ अशी नोंद केलीत की ती संध्याकाळ फुकट गेली.

गाणं दुसरं केलं : तिसरा बाइट एफई चा एफडी झाला. तिसरं : एफसी. उतरतोय. म्हणजे आकडा उलटा करून पाठवतायत, एफएफ मधून वजा करून. एफएफ उणे १ म्हणजे एफई, बरोबर. नववं गाणं एफ६. मग दहावं यायला हवं एफ५, आणि आलं ईएफ! मी पहिल्यांदा वाचण्यातली चूक समजलो, क्लिप पुन्हा लावली. पुन्हा ईएफ. रात्री साडेअकराला गाडीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो होतो. वॉचमनने काचेवर टकटक केली, ‘साहेब, गाडी बंद पडली का? ढकलू?’ त्याला नाही म्हणता म्हणता लक्षात आलं. एफएफ मधून ईएफ गेलं की उरतात हेक्समधले १०. म्हणजे चेंजर दहा हा आकडा ‘एक’ आणि ‘शून्य’ असा दोन घरांत वेगवेगळा लिहितो, बीसीडी. रेडिओच्या पडद्यावर जसं दिसायचंय तसंच तारेवर. त्या काळच्या इंजिनिअरने भागाकार वाचवला आणि माझी दोन तासांची झोप घालवली.

ते कळल्यावर पुढचं भराभर सुटलं. चौथा बाइट मिनिटं, पाचवा सेकंद, दोन्ही तसेच उलटे : एकोणसाठावं सेकंद म्हणजे ए६. दुसऱ्या बाइटात सीडीचा क्रमांक, पहिली बीई, दुसरी बीडी, सहावी बी९. सुरुवातीचे ३४ आणि शेवटचे ३सी हे ‘वाजतोय’ याचे. चेंजर नुसता बसून असेल तर तेच ७४ आणि ७सी होतात, सातवा सीएफ चा ८एफ होतो. माझा अडकलेला चेंजर बिचारा इतकी वर्षं डिकीतून हेच सांगत होता : ‘आहे, पण वाजत नाही.’

रेडिओ उलट काय बोलतो?

ही माझी सगळ्यात आवडती गंमत. रेडिओकडून येणाऱ्या तारेवर क्लॉक नाहीच. लांब खळगा, साधारण ९ मिलिसेकंदांचा, मग साडेचार मिलिसेकंदांचा उंचवटा, मग बत्तीस बिट. शून्य आखूड, एक लांब. टीव्हीच्या रिमोटवर ज्याने काम केलंय त्याला हे कुठेही ओळखू येईल : एनईसीच्या रिमोटची चाल. फरक एवढाच की रिमोटचा ३८ किलोहर्ट्झचा प्रकाश इथे नाही, नुसती तार आहे. म्हणजे डॅशबोर्डातून डिकीत बसलेल्या चेंजरला रिमोट मारल्यासारखंच.

चार बाइट. पहिले दोन कायम ५३ आणि २सी. तिसरा हुकूम. चौथा हुकमाचा उलटा, तपासणीसाठी : दोन्हींची बेरीज एफएफ आली नाही तर हुकूम फेकून द्यायचा. ‘वाजव’ म्हणजे ५३ २सी ई४ १बी. थांब म्हणजे १०. पुढचं गाणं एफ८, मागचं ७८.

सीडीची सहा बटणं दाबली तेव्हा वहीत हे आलं : ०सी, ८सी, ४सी, सीसी, २सी, एसी. कसलाच क्रम नाही. तसंच टेबल करून कोडमध्ये टाकलं तरी चालतं, आणि बरेच जण तसंच करतात. पण कारणाशिवाय आकडे कोणी निवडत नाही, हे डोक्यात बसलं होतं. बिट उलट्या बाजूने वाचून पाहिले. ३०, ३१, ३२, ३३, ३४, ३५. सरळ रांगेत! रिमोटच्या या चालीत लहान बिट आधी जातो, मी मोठा आधी धरून वाचत होतो. तुमच्या गाडीत आकडे विस्कटलेले दिसले की ही दोन औषधं आधी करून पाहा : बिट उलट्या क्रमाने वाचा, आणि एफएफ मधून वजा करा.

चालू चेंजर कुठेच मिळत नाही. मग?

मग अर्धंच संभाषण ऐकू येतं, रेडिओचं. हुकूम सगळे वाचता येतील, उत्तर कसं द्यायचं ते आंधळेपणाने शोधावं लागेल. आधी दुसऱ्या कोणी तीच भाषा सोडवली आहे का ते पाहा. वर दिलेली माझीही पहिली नव्हे, माझ्या आधी अनेकांनी पिक आणि एव्हीआर चिपांवर हे केलंय. मी मुद्दाम न बघता केलं. शब्दकोडं सोडवताना उत्तरांचं पान उघडत नाही तसं. तुम्ही बघा, त्यात कमीपणा नाही.

बीएमडब्ल्यूवाल्याने विचारलंय : आमच्या आय-बसचं काय?

ती याहून सोपी, कारण ती सरळ सिरियल पोर्टसारखी वाचता येते : ९६००, आठ बिट, इव्हन पॅरिटी. एकच वायर, पण १२ व्होल्टवर, म्हणून मध्ये ट्रान्सीव्हर चिप हवीच. वाक्याची रचना छान आहे : कोण बोलतंय, पुढे किती बाइट, कोणाला, काय, आणि शेवटी सगळ्यांचा एक्सऑर (बिट सारखे तर शून्य, वेगळे तर एक). रेडिओ ६८, चेंजर १८. रेडिओ थोड्या थोड्या वेळाने हाक मारतो, ६८ ०३ १८ ०१ ७२, म्हणजे ‘चेंजर, आहेस का?’ उत्तर १८ ०४ एफएफ ०२ ०० ई१, ‘आहे’. कागदावर एक्सऑर करून पाहा, ७२ आणि ई१ जुळतात. एकदा हाताने जुळवलं की मग कोडवर विश्वास बसतो.

बोर्ड कुठला घ्यावा?

आर्डुइनो उनो चालतो, ५ व्होल्टचा असल्याने पातळ्या जुळतात. एक अडचण आहे. १६ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या उनोचं सगळ्यात संथ एसपीआय म्हणजे १६ मेगाहर्ट्झ भागिले १२८, १२५ किलोहर्ट्झ. आपल्याला हवं निम्मं. एकतर बोर्ड ८ मेगाहर्ट्झवर चालवा किंवा पिन हाताने वर-खाली करा. मी हाताने केलं.

मग ईएसपी३२ या बोर्डवर गेलो, कारण ब्लूटूथ त्यातच आहे. इथे दुकानात फसाल. साधा, जुना ईएसपी३२ मागा. नावापुढे एस३ किंवा सी३ असलेल्यांत फक्त लो एनर्जी ब्लूटूथ आहे, त्यावर फोनचं गाणं येत नाही. ‘नवीन है, अच्छा है’ हे ऐकून मी एस३ घेऊन आलो होतो. तो आता बाल्कनीतल्या झाडांना पाणी घालतो.

ईएसपी३२ हा ३.३ व्होल्टचा, त्यामुळे रेडिओकडून येणारी ५ व्होल्टची तार थेट लावू नका. १० आणि २० किलोओहमचे दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज खाली आणा. आवाजासाठी त्याचा आतला आठ बिटांचा डीएसी (आकड्यांचा आवाज करणारा भाग) वापरू नका, लता मंगेशकर भोंग्यातून ऐकल्यासारख्या वाटतात. पीसीएम५१०२ या वेगळ्या डीएसीचा छोटा बोर्ड जोडा.

टेबलावर झकास चालतं. गाडीत मध्येच रेडिओ चेंजर सोडून देतो.

हा मला दोन महिने छळलेला प्रश्न. घरी बारा व्होल्टच्या सप्लायवर तासन्‌तास चालायचं. गाडीत ऐरोलीच्या पुलावर हमखास बंद. मी वायरिंगला दोष दिला, खड्ड्यांना दिला, खाडीच्या खाऱ्या वाऱ्यालासुद्धा दिला.

चूक माझ्या कोडात होती. तेव्हा उनो आणि वेगळं ब्लूटूथ मॉड्यूल असा जोड होता. फोन आला की कोड मॉड्यूलला विचारायचा ‘काय झालं?’ आणि उत्तराची वाट बघत उभा राहायचा. त्या दीड-दोन सेकंदांत गठ्ठे बंद. रेडिओने समजायचं, चेंजर मेला. आणि ऐरोलीच्या पुलावर दर रविवारी संध्याकाळी सातला बायकोचा फोन यायचा, ‘कुठपर्यंत आलास?’ घरी टेबलावर असताना ती शेजारच्या खोलीत असायची, फोन कशाला करेल?

गठ्ठा पाठवायचं काम टायमर इंटरप्टवर टाका, म्हणजे ठरल्या वेळी बाकी कोड थांबवून हे काम करून घेणाऱ्या चिपमधल्या सोयीवर. बाकी कोड झोपो, अडको, काही करो, ५० मिलिसेकंदांची हजेरी चुकता कामा नये.

इंजिन चालू केलं की आवाजात कुंईऽऽ येतं, रेस दिली की वाढतं.

अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज करणारं जनित्र. बोर्डची अर्थ चॅसिसला आणि आवाजाची अर्थ रेडिओला, असा फेरा तयार झालाय. आवाजाची अर्थ फक्त रेडिओच्या चेंजरच्या ऑडिओ अर्थ पिनेलाच द्या. तरी राहिलं तर मध्ये छोटा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका.

वीज कुठून घ्यायची? बॅटरी उतरेल का?

गाडी चालू असताना बॅटरीवर १४ च्या आसपास व्होल्ट असतात. ७८०५ रेग्युलेटर लावून ५ केलेत तर ९ व्होल्ट नुसते उष्णतेत जातात. ३०० मिलिॲम्पिअरला पावणेतीन वॉट, तेही मेच्या उन्हात तापलेल्या डॅशबोर्डात. बक कन्व्हर्टर वापरा, तो फारशी वीज उष्णतेत न घालवता व्होल्टेज उतरवतो. त्याच्या आधी १ ॲम्पिअरचा फ्यूज आणि टीव्हीएस डायोड (जादा व्होल्टचा धक्का गिळणारा) लावा. अल्टरनेटर चार्ज करत असताना बॅटरीची क्लॅम्प सैल झाली तर गाडीच्या वायरींत नेहमीच्या कित्येक पट व्होल्टचा धक्का येतो, आणि एलएम२५९६ चं स्वस्त मॉड्यूल ४० व्होल्टपर्यंतच टिकतं.

वीज स्विचच्या १२ व्होल्टवरूनच घ्या. कायमच्या लाइनवर लावलंत आणि बोर्ड ५० मिलिॲम्पिअर खात राहिला, तर दिवसाला १.२ ॲम्पिअर-तास गेले. दिल्लीत गाडी रोज निघत असेल. आपण सोमवार ते शुक्रवार लोकलने जाणारी माणसं, गाडी रविवारी मामाकडे नेण्यापुरती. त्यात दोन रविवार पावसात गेले की ४५ ॲम्पिअर-तासाच्या जुन्या बॅटरीला सेल्फ मारता येणार नाही.

बॅटरी काढली आणि रेडिओवर ‘सेफ’ आलं!

तो चोरीविरोधी कोड मागतोय. गाडीच्या पुस्तिकेबरोबर कार्ड असतं, नसेल तर कागदपत्रं घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा. अंदाजाने आकडे दाबत बसू नका, चुकीच्या प्रयत्नांनंतर तो तासभर गप्प बसतो. आणि कोड तोडून द्या असं मला विचारू नका. रेडिओ तुमचाच आहे हे मला कसं कळणार?

हे कायदेशीर आहे का?

मी वकील नाही, पण कायदा वाचलाय. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२. त्यात १९९९ च्या दुरुस्तीने घातलेले दोन खंड आपल्या कामाचे. एकात, तुमचा स्वतंत्रपणे बनवलेला प्रोग्रॅम दुसऱ्याशी जुळवून घ्यायला लागणारी माहिती इतर मार्गाने सहज मिळत नसेल, तर ती मिळवण्यासाठी आवश्यक ते करायला कायदेशीर धारकाला मुभा आहे. दुसऱ्यात, चालू प्रोग्रॅमचं निरीक्षण आणि चाचणी करून त्यामागची तत्त्वं शोधायला. आपण तर रेडिओची चिपसुद्धा उघडत नाही, फक्त तारेवरचं ऐकतो. गाडीची वॉरंटी मात्र वेगळी गोष्ट. वॉरंटीतल्या गाडीच्या वायरी कापल्यात तर भांडण तुमचं तुम्ही निस्तरा.

कॅन बसवरही असंच करता येईल?

ऐकायला हरकत नाही. गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरांना जोडणारी, बॉशने १९८६ मध्ये जगापुढे ठेवलेली ही बस नव्या गाड्यांत सगळीकडे आहे, आणि स्टिअरिंगवरची बटणं कित्येकदा तीवर दिसतात. पण बोलू नका. चेंजरच्या तारेवर चूक झाली तर गाणं थांबतं. कॅनवर त्याच घरात इंजिन आणि ब्रेकही राहत असू शकतात. आधी हेही तपासा की बटणं खरंच कॅनवर आहेत का. बऱ्याच गाड्यांत ती नुसती वेगवेगळ्या रेझिस्टरची शिडी असते, मल्टिमीटरने पाच मिनिटांत कळते.

एकूण किती दिवस लागले?

भाषा कळायला तीन रविवार. ऐरोलीच्या पुलाला दोन महिने.

जुन्या चेंजरचं काय केलं?

डिकीतून काढला, त्या कोपऱ्यात आता पंक्चरचं सामान बसतं. भाचा आता नववीत आहे, त्यालाच स्क्रू ड्रायव्हर देऊन म्हटलं उघड. मॅगझिनच्या मागे, दोन गिअरांच्या मध्ये कॅरमची लाल राणी होती. आई म्हणाली, ‘म्हणजे दहा वर्षं आपण शर्टाच्या बटणाला राणी म्हणून खेळतोय ते याच्यामुळे होय रे?’ तो म्हणाला, ‘आजी, मला आठवतच नाही.’ राणी पुसून पेटीत ठेवली. गिअरचा एक दात तुटलाय, तेवढा बदलला तर चेंजर चालेल असं त्याचं म्हणणं आहे.